दुपारी न येणाऱ्यांची यादी

नववीत मी वर्गाची मॉनिटर झाले आणि देश चालवायला आता आणखी कुणाची गरज नाही, असं मला वाटू लागलं. दोन घट्ट वेण्या, वर केलेलं नाक आणि हातात हेडमास्तरांनी दिलेला कागद! आज ती पोरगी समोर आली तर वेणी ओढून विचारीन, "कोनाले इचारून केलं वो हे?"

आमच्या हेडमास्तरांनी एक गोष्ट हेरली होती. हजेरी व्हायची सकाळी, त्यामुळे पटावर सगळे हजर. पण कापूस फुटला की मधल्या सुट्टीनंतर काही मुलं वेचायला वावरात जायची, आणि गणिताचा तास शेवटचा. "नववीत दुपारी हरवलेलं पोर मॅट्रिकला गणितात पडतं. मग कॉलेज कसलं?" असं म्हणून त्यांनी मला दुपारी न आलेल्यांची रोज यादी करायला सांगितली. ज्याचं नाव आठवड्यात तीनदा दिसे, त्याच्या घरी ते सायकलनं जात.

माझी जिवलग मैत्रीण माझ्याच शेजारी बसायची. आठवड्यातल्या चार दुपारी तीही वावरात, जागा रिकामी. सेवाग्रामच्या दवाखान्यात तिनं एक डॉक्टरीणबाई पाहिली होती, तेव्हापासून भेटेल त्याला म्हणायची, "जीभ दाखव!" वर्ध्याला कॉलेजात जायचं, हे तिनं पक्कं केलं होतं.

तिचं नाव मी एकदाही लिहिलं नाही. हेडमास्तर घरी गेले की बाप तिलाच बदडणार, एवढीच माझी अक्कल. तिलाही सांगितलं नाही. गुपचूप उपकार करण्यात काय ऐट असते म्हणता!

हेडमास्तर बापांची समजूत घालत होते, दुपारी पोर सोडवून आणत होते, बुडालेलं गणित सकाळी आपल्या ओसरीवर शिकवत होते, हे मला कळलं तेव्हा दहावीही सरत आली होती. तेव्हा तरी बोलायचं! पण मॉनिटरकी गेली असती. बाईसाहेब गप्प बसल्या.

मॅट्रिकला ओसरीवरची सगळी मुलं पास झाली. ती गणितात पडली.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. "ही यादीत कधीच नव्हती. तुला काही दिसलं होतं का गं?"

"नाही, सर."

त्यांनी यादीचे कागद पुन्हा एकदा चाळले. पुढच्या वर्षी त्यांनी नव्या मॉनिटरकडे यादी मागितलीच नाही. म्हणाले, "यादीत एकदाही नाव नसलेली पोरच गणितात पडते, तर ती यादी काय कामाची?" ओसरीवरचं गणितही बंद झालं. त्या वर्षी दुपारी कोण कोण वावरात गेलं, कुणालाच ठाऊक नाही.

मी कॉलेजला निघाले त्या दिवशी ती मोटारीपर्यंत माझी पेटी घेऊन आली. तिचं लग्न ठरलं होतं. मोटार भरेपर्यंत आम्ही उभ्या होतो.

"एक इचारू काय?" ती म्हणाली. "हेडमास्तर साऱ्याईच्या घरी गेले. माह्याच घरी काऊन नाई आले वो?"

माझ्या तोंडात खरं आलं होतं. मी ते गिळलं.

"तू हुशार होती ना. त्याईले वाटलं, तुले गरजच नाई."

तिचा चेहरा उजळला. "असं म्हनत होते ते?"

"हो."

"खरंच म्हनत होते?"

"हो," मी पुन्हा म्हणाले.