मोरीवरचा पंजा

शाळा माझी तिसरीपर्यंतच, बाकीचं वाचत वाचत आलं. पण अंगात येणं, उतारे, झपाटणं... यांच्यापुढे मी कधी हात जोडले नाहीत. शेजारणी चिडायच्या माझ्यावर. तरी ही एक गोष्ट माझ्याच बाबतीत घडलेली, म्हणून लिहिते.

तेव्हा मी अठरा वर्षांची. सासर नरडाण्याच्या अलीकडचं एक खेडं, राज्य इंग्रजांचं. माझी सुलभा दोन वर्षांची. उजव्या हाताची तिची करंगळी जन्मापासूनच आत वाकलेली. तिला घटसर्प झाला. घसा इतका सुजला, की श्वास घेताना शीळ वाजायची. औषध मिळालं तर जळगावला, आणि जळगावची आगगाडी नरडाण्याहून दुपारी एकच.

सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, बैल जुंपले. आमची गाडीवाट आधी आग्रा रोडला लागायची, मग तो रस्ता धरून स्टेशन. मोठा वळसा. अर्ध्या वाटेत आबांनी सूर्याकडे पाहिलं.

"आते गाडी सापडाव नही, बेटा."

तीन रात्री जागलेली मी, पोरीचा श्वास मोजत बसले होते. आणि तेवढ्यात बैलगाडीची खडखड थांबली...

बघते तर आम्ही एका रस्त्यावर. रुंद, सपाट, तांबडा मुरूम टाकलेला. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, पांढरी पांढरी. ना माणूस, ना पाखरू. चाकंसुद्धा वाजत नव्हती, जणू कोणी झोका देतंय. आमच्या काळ्या मातीत हा तांबडा रस्ता आला कुठून, हे विचारावंसं वाटलंच नाही मला.

मध्ये नाल्यावर दगडी मोरी होती. बैल आपसूक थांबले. मी पोरीला कडेवर घेऊन उतरले, तिचे ओठ ओले केले. मोरीच्या कठड्यावर, गिलाव्यात, एका लहान पोराचा पंजा उमटलेला. करंगळी आत वाकलेली. मी सुलभाचा हात धरून त्यात ठेवला... का ठेवला, देव जाणे. पंजा मोठा होता. तिचा हात त्यात हरवून गेला.

पुढचं एवढंच आठवतं — समोर स्टेशन, आणि गाडी फलाटाला लागतेय. जळगावला सुई मिळाली. पोर वाचली.

परतताना मी आबांना म्हटलं, त्याच रस्त्याने चला. आबांनी त्या जागी बैल थांबवले. तिथे कपाशी उभी होती नुसती, चाकोरीसुद्धा नव्हती. मी झोपेत पाहिलं म्हणावं, तर घरी आल्यावर आबा चाकांवरून तांबडा मुरूम खरवडत बसले होते. खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "मी काही करं नही. बैलच वळनात."

चार वर्षांनी, इंग्रज जायच्या बेतात असताना, कापसाच्या गाड्यांसाठी स्टेशनला जोडरस्ता निघाला. दीड मैलाचा. त्याच शेतांतून, तांबड्या मुरमाचा. आम्ही बघायला गेलो. मोरीला गिलावा नुकताच झाला होता. सुलभा माझा हात सोडून पळाली आणि तिने कठड्यावर हात दाबला.

"ए पोरी, वल्लं शे ते!" मिस्तरी ओरडला आणि थापी घेऊन धावला.

आबांनी त्याचं मनगट धरलं. "राहू दे मिस्तरी. तिनाच शे तो."

तिचाच म्हणाले, म्हणजे तो पंजा त्यांनीही तेव्हा पाहिला होता...

आता तो रस्ता मोठा झालाय, मोरी गेली, आबा गेले. सुलभा म्हणते, आई, तू दमलेली होतीस, मागचं-पुढचं मिसळलं असेल तुझ्या डोक्यात. असेल बाई. मला काही उलगडलेलं नाही. पण हे म्हणताना ती हात हलवत असते, आणि मी आपली तिची करंगळी बघत राहते.