दार उघडा जी

माहितीपट तासाभराचा, पण त्याच्या डबिंगचे किस्से सांगायला बसलो की चहा दोनदा ठेवावा लागतो. आमच्या अमरावतीच्या फिल्म क्लबात एक जण आठवण काढतो, दुसरा तिच्यात दुरुस्ती करतो, आणि त्या दुरुस्तीचाच नवा किस्सा होतो.

माहितीपट परदेशातला, युद्धावरचा. सैनिक गावात शिरून एका जमातीच्या लोकांना घराबाहेर काढून मारत होते, तेव्हा काही शेतकऱ्यांनी त्या शेजाऱ्यांना आपल्या घरात आसरा दिला. दिग्दर्शकाची आजी त्या आसरा देणाऱ्यांतलीच एक. आमच्या वैशालीनं भाषांतर केलं आणि हट्ट धरला, ही माणसं वऱ्हाडीतच बोलतील. क्लबचे अध्यक्ष बापूसाहेब वकील. त्यांचं म्हणणं, नाटकात वऱ्हाडी बोलणारा आला की लोक आधीच हसायला तयार असतात, इथेही हसतील. दिग्दर्शकानं परवानगी दिली तीही एकाच अटीवर, माझ्या आजीला कोणी हसायचं नाही. वैशालीनं शब्द देऊन टाकला!

*

रेकॉर्डिंग राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत. मी भिंतींना गाद्या लावल्या होत्या. निवेदन बापूसाहेबांचं. "त्या सकाळी गावात चिटपाखरूही बोलत नव्हतं," असं त्यांनी खर्जात म्हटलं आणि खालून अख्ख्या बॅचनं एका सुरात फिजिक्सचं सूत्र म्हटलं. बापूसाहेब जिन्यात जाऊन ओरडले, "अरे, इथं नरसंहार चालू आहे!"

खालचे सर घाबरून वर आले. तेव्हापासून आम्ही रविवारी बसायला लागलो.

*

सैनिकाचा आवाज कोणालाच द्यायचा नव्हता. शेवटी मिठाईवाले गजूभाऊ सापडले. आवाज भारदस्त, माणूस मात्र मऊ. प्रसंग असा की सैनिक बंदुकीच्या दस्त्यानं दार ठोठावतो आणि दरडावतो. मी खूण केली. गजूभाऊंनी श्वास भरला आणि म्हणाले, "दार उघडा जी."

"गजूभाऊ, तुम्ही त्यांना मारायला आलात!"

"माहीत हाय न. पन लोकाच्या दारात उभं राहून 'जी' नाई म्हनलं तं कसं वाटते?"

*

आजीचा आवाज वैशालीच्या सासूबाईंचा. शांताकाकू, नांदगाव पेठेजवळच्या शेतकरी घरातल्या. मी वाक्य वाचायचो, त्या आपल्या पद्धतीनं बोलायच्या. "आम्ही त्यांना लपवलं" या वाक्याला अडल्या.

"चोरीचा माल लपोते. मानसाले ठेवून घेते."

बापूसाहेब खाकरले. 'ठेवणे' या क्रियापदाला आणखी एक अर्थ आहे, असं त्यांनी छताकडे बघत सुचवलं.

"सासरी तरास झाला तं लेकीले आपन ठेवून घेत नाई का?" काकू म्हणाल्या. "तुमाले भलतंच कसं सुचते, वकीलसाहेब?"

बापूसाहेबांचे कान लाल झाले. वाक्य काकूंचंच राहिलं.

*

नदीकाठी माणसांना उभं करून मारल्याचा भाग आला, त्या रविवारी कोणी थट्टा केली नाही. बापूसाहेब मध्येच थांबले आणि चष्मा पुसत बसले. मी मशीन बंद केलं नाही. ती शांतता आम्ही तशीच ठेवली, आणि माझ्या मते आमच्या कामातली तीच सर्वांत चांगली जागा आहे.

*

पहिला शो अकोल्याला ठेवला, कारण अमरावतीत आमचे आवाज लोकांनी ओळखले असते. हॉल भरला. पडद्यावरचा म्हातारा म्हणाला, "मी म्हशी सोडून राहिलो होतो," म्हणजे सोडत होतो, आणि परदेशी माणसाच्या तोंडी आपली बोली ऐकून हॉल हसला. मागे भिंतीशी उभी असलेली वैशाली पांढरी पडली. आजीचा प्रसंग अजून यायचा होता. मला तिच्याकडे बघवेना.

आजी आली. तिची मुलाखत घेणारा म्हणाला, सैनिकांनी तर बजावलं होतं, कोणाला आसरा द्याल तर तुमच्याही लेकरांना मारू. मग तुम्ही त्यांना का ठेवून घेतलं?

आजी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मूळ फिल्ममध्येही ती इथं काहीच बोलत नाही, त्यामुळे काकूंना इथं वाक्यच नव्हतं. वैशालीनं डोळे मिटून घेतले.

मधल्या रांगेतून एका बाईचा चिडलेला आवाज आला, "काहून इचारून राहिला रे तिले? मानसं दारात उभे होते न!"

कोणी हसलं नाही. पडद्यावरची आजी उठली आणि मुलाखत घेणाऱ्यासाठी पाणी आणायला आत गेली.