रोज अकराला पडणारा आकडा

मी बनवलेली पावडर इतकी बारीक होती, की एकदा शिंकलो तर अर्धी उडून नळदुर्गच्या ढाब्यावर कुणाच्या तरी दाल तडक्यात पडली. ट्रकवाल्यांनी तक्रार केली नाही, म्हणजे दर्जा उत्तमच. झिंक ऑक्साईड म्हणतात तिला. झिंकचा क्षार पाण्यात विरघळवायचा, कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडायचं, खाली पांढरा गाळ बसला की गाळायचं, धुवायचं, भट्टीत भाजायचं. तामलवाडीला घरी चिमूटभर दाखवायला नेली, तर वडील म्हणाले, "झिंक? लेका, आमी ते पोत्यानं सोयाबीनला टाकतो. तुला एवढ्याशाला सहा महिने लागले व्हय?"

या पावडरीचा काचेवर पातळ लेप द्यायचा, खाली बारका हीटर ठेवायचा, दोन तारा मीटरला जोडायच्या, की झाला गॅस सेन्सर. अमोनियाचा वास आला की मीटरवरचा आकडा धाडकन पडतो. एरवी त्यानं गप बसायचं. माझा आकडा गप बसेना. अमोनियाची बाटली कपाटात, कपाटाला कुलूप, तरी रोज अकराला आणि साडेतीनला आकडा पडायचाच.

"तुझ्या पावडरीतच खोट आहे," माझे गाईड असलेले सर म्हणाले. "असल्या अहवालावर मी सही करणार न्हाय."

शुक्रवारपर्यंत सही झाली नाही, तर माझी पीएच.डी.ची नोंदणीच रद्द होणार होती.

मी पावडर पुन्हा केली. सत्तर वेळा. बरं, सात वेळा. शेजारच्या मुतारीवर संशय आला म्हणून ती घासून काढली. तिचा मूळ रंग निळा होता हे अख्ख्या कॉलेजला तेव्हा कळलं. मागच्या बाजूला बांधलेली म्हैस पार माकणीच्या धरणापर्यंत हाकलली. ती पोहून ताजीतवानी होऊन माझ्याआधी परत आली. आकडा पडतच राहिला.

गुरुवारी अकराला सर रोजच्यासारखे माझ्या टेबलापाशी उभं राहून मला झापत होते. दोन्ही हात पाठीमागं. मी मान खाली घालून मीटरकडं बघत होतो. आकडा घसरला. मी हळूच वाकून सरांच्या पाठीमागं पाहिलं, तर डाव्या तळहातावर उजवा अंगठा गरागरा फिरत होता. तंबाखू! चुना लावून मळली की तिच्यातला अमोनिया सुटतो. आणि सरांनी तर तुळजापूरला देवीसमोर, बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, साक्षी ठेवून तंबाखू सोडली होती. त्याचे पेढे मीही खाल्ले होते.

"सर, खोट पावडरीत न्हाय."

"मग कुठंय?"

मी त्यांच्या मुठीकडं पाहिलं. सर खोकले आणि निघून गेले.

शुक्रवारी अकराला काकू सरांचा विसरलेला डबा घेऊन थेट लॅबमध्ये आल्या. सरांचा अंगठा पांढराफेक.

"हे काय वो पांढरं?"

"झिंक ऑक्साईड," सर म्हणाले. "याची पावडर. रोजच लागतंय हाताला."

काकू माझ्याकडं वळल्या. "व्हय रे? तुझीच का पावडर?"

मी गरीब चेहऱ्यानं अहवाल पुढं सरकवला. "काकू, माझी पावडर कशी आहे ते सर आत्ता लिहून देणारेत."

सरांनी अशी सही ठोकली, की कागदातून धूर निघाला. वर 'पावडर उत्तम' असा शेराही मारला.

"मग दाखव की, काय करतंय तुझं यंत्र," असं म्हणत काकूंनी सरांचं मनगट धरलं आणि हात थेट सेन्सरजवळ नेला. आकडा असा कोसळला, की मीटरमधून निघून टेबलाखाली गेला असावा.

"हे कशानं पडलं रे?"

मी अहवाल छातीशी घट्ट धरला. "झिंकनं न्हाय पडत, काकू. चुना लावून तंबाखू मळली, की पडतंय."

"पावडरीतच खोट आहे त्याच्या!" सर ओरडले.

काकूंनी माझ्या हातातनं अहवाल ओढून घेतला आणि शेरा मोठ्यानं वाचला, "पावडर उत्तम." मग कागद सरांच्या नाकापुढं धरला.

"खाली सही कुणाची वो ही?"