घागरींची रांग

नेकनूरच्या बाजारपेठेत घागरी-पिंपं विकणाऱ्या संगमेशचा जीव एका कॉमिकमध्ये अडकला होता. पाणी संपलेल्या उद्याच्या शहराची ती गोष्ट त्याला तोंडपाठ होती. तिच्यावर सिनेमा आला, त्यानं बीडला जाऊन पाहिला, आणि घरात मयत झाल्यासारखा तो दुकानात बसून राहिला. चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र सगळे सिनेमाची आरती ओवाळत होते. 'टँकरपुढची घागरींची रांगच कापली, वाटोळं केलं,' असं एकट्या संगमेशनं लिहिलं. त्यावर उत्तर आलं, 'तू घागरीच विक बे.'

आपलंच डोकं फिरलंय की काय, या धास्तीनं त्याला घास जाईना. शेवटी कॉमिकचं पानही न पाहिलेल्या आपल्या आईला, दानम्मांना, एसटीत बसवून तो सिनेमाला घेऊन गेला. मध्यंतरापर्यंत त्या घोरत होत्या. टँकर आला तशी त्यांना जाग आली.

"संगू, ही माणसं उन्हात उभी काहून हायत? घागरी ठिवून घरी जायचं की. नंबर घागरीचा असतो."

संगमेशचे डोळे भरून आले. कॉमिकच्या त्या पानावर नुसत्या घागरी होत्या, माणूस एकही नव्हता. त्यानं हे ग्रुपवर लिहायला घेतलं. पण ग्रुपनं त्याला केव्हाच काढून टाकलं होतं.

"आई, आता कुणाला सांगू?"

"मी हाय न्हवं. पर आदी बाहेर चल. म्होरचं मला बघवंना."