भंडाऱ्याचा हात

भर वैशाखात स्वेटर घालून अंगणात बसलेली बाई कुणी पाहिली नसेल, तर त्यांनी त्या वर्षी तळेगाव ढमढेऱ्याला आमच्या घरी यायला हवं होतं. सगळी आळी घामानं निथळायची आणि मला मात्र हुडहुडी भरायची. अंग जड, फणी फिरवली की केसांचा पुंजका हातात, वजन वाढतच चाललेलं. पण या सगळ्यापेक्षा मनाला लागलं ते आवाजाचं. दौंडकडच्या माझ्या माहेरी चंपाषष्ठीला खंडोबाची आरती परकरी वयापासून मीच उचलते. तोच आवाज घोगरा होत होत पार बसत चालला होता. देवानं दिलेली ही एकच गोष्ट माझ्याजवळ मिरवण्यासारखी. तीही जाणार, या भीतीनं मी आतून खचले होते.

शिरूरला एका डॉक्टरांकडे दोनदा गेले. कुठंसं वाचलं होतं म्हणून दुसऱ्या खेपेला भीत भीत विचारलंही, "थायरॉइडचं काही नसेल ना?" त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाले, "चाळिशी आली की बायकांना असं होतंच. पेपरात वाचून आजार ठरवू नका. रक्तवाढीच्या गोळ्या घ्या आणि मन रमवा." मी मुकाट्यानं उठले. डॉक्टर म्हणजे देवमाणूस, त्याला उलट विचारायचं नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं. मग खोट माझ्यातच असणार! घर बांधताना मी खंडोबाला तळी भरायचा नवस बोलले होते. ताम्हनात भंडारा-खोबरं ठेवून पाच जणांनी येळकोट करत ते उचलायचं, एवढंच काम. पण तेही राहून गेलं होतं. मल्हारी रागावलाय, असं मी ठरवून टाकलं आणि रविवारचे उपास धरले. तरी वजन वाढलंच. मालक म्हणायचे, "उपासानं फुगणारी बाई खंडोबानंबी पहिल्यांदाच पाहिली आसंल." मी रुसायचे, पण हसूही यायचं.

चंपाषष्ठीला माहेरी गेले आणि तळी भरून घेतली. आरती उचलणारीच्या कपाळाला आणि गळ्याला भंडारा लावायचा, ही आमच्या देवळातली रीत. दरवर्षी भावजय लावते. त्या दिवशी ती नैवेद्याचे रोडगे भाजण्यात अडकली होती, म्हणून रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पुढं होऊन भंडारा चिमटीत घेतला. ओळख ना पाळख. त्यांची खरबरीत बोटं माझ्या गळ्यावरून फिरली आणि थबकली.

"लेकी, आवंढा गीळ बरं."

मी गिळला. "आता आनखी एकदा."

"आजी, आरती खोळंबलीय," मी म्हटलं.

"खोळंबू दे की. देव काय पळून चाललाय व्हय? तुझ्या गळ्यात गोळा हाय. गिळलं की वर सरकतोय. थंडी वाजती का? केस झडत्यात?"

मी चकितच झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"उभा जलम मेंढरांमागं गेला माझा. कोकराचा गळा आसा सुजला की ते बी सुस्तावतं, लोकर बी धड येत न्हाई. डाक्टरनं गळ्याला हात लावला का न्हाई?"

लावला नव्हता. एकदाही नाही. मी चाचरत म्हटलं, "नवस राहिला होता, म्हणून देव कोपला असेल."

"त्याला दुसरी कामं न्हाईत व्हय, तुझा गळा धरून बसायला?"

रांगेतल्या बायका खो खो हसल्या, मीही हसले. कोकरांच्या कळपात मोजली गेले होते, पण कित्येक महिन्यांनी मन हलकं झालं. त्या दिवशी फाटक्या आवाजातच आरती म्हटली आणि डोळे घळाघळा वाहिले.

सोमवारी पदराला भंडाऱ्याची पुडी बांधून शिरूरला गेले. म्हटलं, "साहेब, तुमचं म्हणणं खरंही असेल. पण एकदा माझ्या गळ्याला हात लावून बघा. त्याशिवाय मी उठणार नाही." हे मी बोलतेय यावर माझाच विश्वास बसेना. डॉक्टर नाराजीनंच उठले. त्यांनी हात लावला आणि मी न सांगताच आवंढा गिळला. त्यांनी पुन्हा एकदा चाचपून पाहिलं, मग तपासणी लिहून दिली. रक्त पुण्याला गेलं. थायरॉइडच निघाला. "चूक माझी. आधीच बघायला हवं होतं," ते मोकळेपणानं म्हणाले, आणि माझा सगळा राग तिथंच उतरला. रोज सकाळी अनशापोटी एक इवलीशी गोळी सुरू झाली. हळूहळू स्वेटर ट्रंकेत गेला आणि आवाज मोकळा होत आला.

कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणो बापडे. भावजय रोडग्यांत अडकली नसती तर ती बोटं माझ्या गळ्यापर्यंत आली नसती, एवढं मला ठाऊक आहे. देवाला शरण जायचं म्हणजे तोंड मिटून सोसायचं, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण त्यानं गळा दिला तो आरतीसाठी, तसाच विचारण्यासाठीही.

पुढच्या चंपाषष्ठीला त्या आजी पुन्हा रांगेत दिसल्या. मी पाया पडले. "ओळखलंत का मला?"

"न्हाई बा." मग त्यांनी बोटं पदराला पुसून माझ्या गळ्यावर ठेवली. "गीळ." मी गिळला, तसा त्यांचा चेहरा उजळला. "आगं, तू व्हय! मला तोंडं ध्यानात ऱ्हात न्हाईत, गळा ऱ्हातो. उतरलाय की गं!"

त्यांनी भंडारा लावला आणि म्हणाल्या, "म्हण आता." भावजय शेजारीच रिकाम्या हातानं उभी होती. मी आरती उचलली.