बॉक्सरचं गार्ड आणि कबड्डीचं तोंड

सुरेखाने रुमालात बांधलेलं गार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "डॉक्टरबाई, ह्याच्यामुळे मी आउट झाले." चौदा वर्षांची पोर, पण आवाज पंचाचा.

गार्ड म्हणजे दातांवर बसवायचं मऊ प्लास्टिकचं कवच. मार त्याने खायचा, दातांनी नाही. ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात ते कुणी मागत नसे. पण सुरेखाचा पुढचा दात कुणाच्या तरी गुडघ्याने हलला होता. मी तो शेजारच्या दातांना तारेने बांधून वाचवला. तिची आई मालवणची. तिने बजावलं होतं, "आणखी एक दात हललो, तर कबड्डी बंद." मुलगी जिल्ह्याच्या निवडीपर्यंत पोचलेली. मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! डिग्री फ्रेममध्ये, नाक छताला. परदेशी पुस्तक उघडलं आणि त्यातलं बॉक्सरचं गार्ड जसंच्या तसं बनवलं. जाडजूड, झकास. कबड्डी कधी धड पाहिलीच नव्हती. आमच्या मुलुंडच्या गल्लीत रोज खेळ चालायचा, आणि मी खिडकी लावून अभ्यास करायचे.

सुरेखाबरोबर तिचे सर आले होते. "बाई, बॉक्सर दात आवळून खेळतो," ते म्हणाले. "चढाईला गेल्यावर हिला एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं असतं. गार्ड सुटायला लागलं, हिने दात आवळले, दम तुटला."

"मग मला आधी सांगायचं ना?"

"तुम्ही विचारलं कुठे?" सुरेखा म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी मैदानावर गेले. सुरेखा एकटी पलीकडे शिरली. समोर सात जणी. ही वाकलेली, हात पसरलेले, ओठांवर ती अखंड गुणगुण. दोघींनी पाय धरले, तिसरी कमरेला लटकली, आणि ही पोर त्या तिघींना ओढत मध्यरेषेकडे सरकतेय, दम चालूच. मी नकळत माझा श्वास रोखून धरला होता. माझा आधी सुटला. रोज शंभर वेळा 'आ करा' म्हणणारी मी, माणसाचं तोंड एवढं काही करू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माप घेतलं. टाळूवरचा भाग कापला, कडा पातळ केल्या, आणि गार्ड दातांना इतकं घट्ट बसवलं की तोंड उघडलं तरी सुटू नये. मग सुरेखाला खुर्चीभोवती दम घालत पळवलं. कवळीसाठी बसलेले आजोबा बाहेरून ओरडले, "पकडा तिला!"

निवडीच्या सामन्यात शेवटच्या चढाईला तिच्या तोंडावर कोपर बसलं. आवाज माझ्यापर्यंत आला. वर चार जणी पडल्या. मला वाटलं, वाट लागली. पण त्या ढिगाखालून कबड्डी कबड्डी येतच होतं. मग एक हात बाहेर आला आणि बोटं रेषेला टेकली.

ओठ फुटला होता. गार्डवर खोल वण. आईने पदराने रक्त पुसलं, बोट घालून एकेक दात हलवून पाहिला. मीही तपासले असते, पण बाईंनी मला जागाच दिली नाही.

"घट आसत," त्या म्हणाल्या. "खेळांदेत."

त्यानंतर पेशंटला तोंड उघडायला सांगण्याआधी मी विचारू लागले, या तोंडाने तुम्ही दिवसभर काय करता? पुस्तकात हा प्रश्न नव्हता.