अप्पांनी केलेलं फिडील

"विकायचं? मी केलेलं फिडील आहे ते, तुकोजी!" माझे सासरे, अप्पा, आपल्या भावावर ओरडले, तेव्हा मी नवी नवरी, स्वयंपाकघराच्या दाराआड. तुकोजीकाकांचं म्हणणं, ते व्हायोलिन म्हणजे तंजावरहून आणलेली अडगळ, जॉर्ज टाउनच्या जुन्या बाजारात देऊन टाकू. माझा पदर धरून धाकटा दीर वेंकोबा उभा होता. त्या भांडणातलं तेवढं एक वाक्य त्यानं उराशी धरलं. वर्षभरात अप्पा गेले. बापाचं म्हणून पोराकडे दुसरं काही उरलं नाही.

अप्पा वीणा बनवायचे. मग फिडील का नाही बनवणार? कोणी शंका घेतली नाही.

वेंकोबा रेल्वेत कारकून झाला, लग्न न करता माझ्याच घरी राहिला. संध्याकाळी मांडी घालून फिडील वाजवायचा. वाईट वाजवायचा हो. शेजारचे टीव्ही मोठा करायचे. तो डोळे मिटलेला, त्याला काय त्याचं!

गेल्या वर्षी माझी नात कीर्तना फिडील शिकू लागली. वेंकोबाचं काळीज तेव्हा थकलेलं होतं. म्हणाला, "वहिनी, तिला द्यायच्या आधी आत अप्पांचं नाव लिहवून घेऊ."

वेस्ट मांबलमला गुरुमूर्ती म्हणून वाद्यं दुरुस्त करतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॅटरी लावली, इवलासा आरसा आत सरकवला.

"हे इथलं नाही, सार. परदेशी कारखान्यातलं. असली ढिगानं यायची."

"माझ्या अप्पांनी केलंय," वेंकोबा म्हणाला.

"थांबा. पोटाला तडा गेला होता. आतून ठिगळ आहे, फणसाचं, वीणेचं लाकूड. कोणीतरी फार मायेनं सरी केलंय."

सरी केलंय.  आमच्या घरात बिघडलेलं नीट केलं की 'सरी केलों' म्हणायचे, आणि घाईत नुसतं 'केलों'. घड्याळ केलों, छत्री केलों. भांडताना कोण पुरं बोलतो?

वेंकोबाला पण कळलं.  रिक्षात म्हणाला, "सरी तेवढं अप्पांनी गिळलं बघा, वहिनी." हसायला गेला, जमलं नाही. नाव लिहवलं नाही. त्या दिवसापासून वाजवणं बंद. शेजाऱ्यांनी टीव्ही बारीक केला. मला घर खायला उठलं.

सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी मात्र पिशवी घेऊन फिडीलच्या पूजेची फुलं आणायला निघाला. मी म्हटलं, "दम लागतोय, नको जाऊ." ऐकतोय कुठे! मग मीच मागून गेले.

फुलवाली अलमेलू दरवर्षीसारखी म्हणाली, "अप्पांच्या फिडीलला ना?"

त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "होय. अप्पांनी केलेल्या."

ती कोपरापासून बोटापर्यंत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा मोजू लागली, तसा हा दरवर्षीसारखाच कुरकुरला, "तुझा हात आखूड गं, अलमेलू. माझ्या हातानं मोज." आणि बाही सारून त्यानं आपला हात पुढे केला.